शेवटच्या डब्यावरचा कावळा

पुलगाव
५ सप्टेंबर १९८६

चि. लहानू,

आशीर्वाद आहेतच, ते धरून घेजो. कार्डात मावत नाही म्हणून यावेळी अंतर्देशीय आणलं, तर तुह्या भाऊजींनी लगेच विचारलं, एवढं काय लिहायचं आहे. म्हटलं, भावाले लिहून राह्यली, मिलच्या मुकादमाले नाही.

आता कामाचं. पित्तर जवळ आले. बाबाची तीथ अष्टमीची, म्हणजे सव्वीस तारखेले. माय तिकडे नाचणगावात एकटी, तिनं आतापासून वड्याचे उडीद निवडून ठेवले. पण तिचा जीव थाऱ्यावर नाही. दहाव्याच्या दिवशी नदीवर काय झालं ते तू डोळ्यानं पाह्यलं आहे. पिंड ठेवला, आपण सगळे मागं सरलो, आणि समोरच्या बाभळीवर कावळ्यांची पंगत बसली, पण एकही खाली उतरला नाही. बाबाच्या जोडीचे डोमाजी काका पुढे होऊन त्याले म्हणाले, अण्णाजी, पोरगा वापस येईल, वावर पडीक पडणार नाही. तूही हात जोडून तेच म्हटलं. मायनं म्हटलं, मी म्हटलं. कावळे आपले चोच पुसत बसले. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला तेव्हा घरी आलो. वर्षश्राद्धालेही तीच गत.

आता गावात बायका मायच्या तोंडावर बोलत नाहीत, पण ती आली की चूप होतात. डोमाजी काका पारावर बसून उघड सांगतात, अण्णाजीची इच्छा राहिली, पोरगा बापाचं वावर सोडून परमुलखात गेला, मग कावळा कसा शिवेल. मायचं एकच म्हणणं आहे, एकदा कावळा शिवला पाहिजे. म्हणून तू ये. दोन दिवसांसाठी ये, पण ये.

अजून एक. माह्या सासूबाईनं विचारलं, तुमचा भाऊ इंदूरच्या त्या बागेत काय करतो. तू मागं लिहिलं होतं, देखभाल खात्यात आहे. मी सांगितलं, इंजिनियरच्या बरोबरीचा आहे. बरोबर आहे ना?

तुही ताई,
नलू


इंदूर
१३ सप्टेंबर १९८६

ती. ताई,

पाया पडतो. बरोबरीचा नाही, मी इंजिनियरच्याही वर आहे. तो खाली जमिनीवर उभा राहतो, मी वर आभाळात असतो. वर काय करतो ते आता लिहूनच टाकतो. पाखरं शिटतात, मी पुसतो.

हसू नको, पुढे वाच. आमच्या बागेत रोलर कोस्टर नावाची गाडी आहे. रेल्वेसारखे रूळ असतात, पण नांगरलेल्या ढेकळावरून बैलाची खासर चालावी तसे वर-खाली. लहान लहान डबे साखळीनं टकटक ओढत वर नेतात आणि टोकावरून सोडून देतात. लोक तिकीट काढून ओरडायले येतात. शीट वाळली की रंग खाते, चाकाखाली आली की चाक घसरते, अन् सीटवर राहिली की गिऱ्हाइकाचा नवा पँट आमच्या दुबे साहेबाच्या टेबलावर येते. म्हणून बाग उघडायच्या आधी मी कमरेले पट्टा बांधून, बादली, ओलं पोतं आणि काथ्याचा ब्रश घेऊन वर चढतो. आधी भिजवायचं, मग पुसायचं. कोरडं खरवडलं तर सगळं नाकात जाते.

मायले नको सांगू. मी निघालो तेव्हा बाबा काय म्हटला होता, तुले आठवते. "जा, लोकांचे पाळणे फिरव." पाळणे फिरवत असतो तरी तोंड दाखवता आलं असतं. त्यानंतर तो माह्याशी नीट बोलला नाही, अन् मग गेलाच. मायले कावळा शिवत नाही याचं वाईट वाटते. मले भीती वाटते, ताई. वाटते की बाबा माह्यावर रागातच गेला.

सुटी नाही. दसरा-दिवाळीचा हंगाम तोंडावर आहे, दुबे साहेब सुटीचं नाव काढू देत नाही. मी इथंच पान ठेवीन. काय काय रांधायचं ते मायले विचारून लिही.

तुहा,
लहानू


पुलगाव
१९ सप्टेंबर १९८६

चि. लहानू,

मायले सांगितलं. सांगू नको असं लिहिलेलं पत्र मी तिच्याच समोर मोठ्यानं वाचत होती, मग काय करू? तिनं काही वाईट मानून घेतलं नाही. म्हणते, "जलमभर मी गाईचं शेन काढलं, पाखराच्या शिटीचं काय एवढं?" सासूबाईले मात्र मी अजून सांगितलं नाही. तिथं तू इंजिनियरच आहेस, तर दिवाळीले आलास की जरा तसा वाग.

रांधायचं असं. उडदाचे वडे, कढी, तांदळाची खीर, गवारीची भाजी. ते सगळ्या पित्तरांचं झालं. बाबासाठी आंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर, कडक भाजलेली. आंबाडी मिळाली नाही तर पालक घालून फसवू नको, माय म्हणते त्याले कळते. पान उंचावर ठेवजो आणि मागं सरजो. आपण डोळे लावून बसलो की कावळा येत नाही.

बाबा रागात गेला की नाही, हे मी काय सांगू? मी शेवटी त्याच्या उशाशीच होती, पण तो काही बोलला नाही. तुह्यावर राग असता तर बोलला असता. रागात त्याचं तोंड कधी बंद राह्यलं का?

तुही ताई,
नलू


इंदूर
२७ सप्टेंबर १९८६

ती. ताई,

शिवला. मायले आधी एवढंच सांग आणि मग बाकीचं वाच.

आंबाडीसाठी मी अख्खी मंडई पालथी घातली. खोलीच्या टिनावर पान ठेवलं तर शेजारणीचं मांजर आलं आणि वडा घेऊन गेलं. दुसरा ठेवला, तोही गेला. कावळा कुठं दिसेना. मग मले सुचलं की मायनं उंचावर म्हटलं आहे, आणि माह्या ओळखीत एकच जागा उंच आहे. काल शुक्रवार, बाग बंद. सगळं डब्यात भरलं, पट्टा बांधला आणि चढाच्या टोकावर जिथं साखळी डबे सोडते, तिथं फळीवर पान मांडलं.

आधी डोमाजी काकाचं वाक्य म्हटलं, वावर पडीक पडणार नाही. काही नाही. मी वापस येईन म्हटलं. काही नाही. ऊन लागलं, पाय दुखून आले. मग मी तिथंच टेकलो आणि म्हटलं, बाबा, राहू दे ते. घडीभर बस इथं. इथून राजवाडा दिसते, स्टेशन दिसते, अन् ही गाडी इथूनच खाली उडी घेते पाहा. असं म्हणून मी दाखवायले मान वळवली, तर मागं पंखाचा आवाज आला. त्यानं वड्याले तोंडही लावलं नाही. आधी भाकर उचलली, मग आंबाडी.

मी भल्ला रडलो. पट्टा बांधलेला होता म्हणून बरं.

तुहा,
लहानू


पुलगाव
४ ऑक्टोबर १९८६

चि. लहानू,

तुहं पत्र घेऊन मी तशीच नाचणगावले गेली. मायनं ऐकलं आणि दोन भाकरी खाल्ल्या. तिथीच्या दिवशी गावात कावळा आला नव्हता, तेव्हा मी हातापाया पडून संध्याकाळी तिले चार घास खाऊ घातले होते. आता तिचं म्हणणं असं की इथं कसा येईल, तो तिकडे गेला होता.

डोमाजी काकाले पटलं नाही. म्हणतात, इंदूरचा कावळा, तो काय अण्णाजीले ओळखते? मायनं तिथल्या तिथं उत्तर दिलं, "घाटावरचे तं ओळखीचे होते नं, मंग त्यायनं काय केलं?" काका तंबाखू मळत उठून गेले. तरी पारावर अजून सांगतात की परमुलखातलं शिवणं गावात धरत नाही. मायले ते टोचते. तोंडानं बोलत नाही, पण मले दिसते.

तिनं निरोप दिला आहे, दिवाळीपर्यंत रोज तिथं भाकरीचा तुकडा ठेवजो. दीड वर्ष उपाशी होता, म्हणते.

तुही ताई,
नलू


इंदूर
१७ ऑक्टोबर १९८६

ती. ताई,

मेलो. मायचा शब्द ऐकला आणि मेलो.

रोज सकाळी भाकर ठेवत होतो. ते आमच्या तिकीटवाल्या रामदीननं पाह्यलं. तो झाशीकडचा, त्याचा बाप मागच्या साली गेला. म्हणे भैया, हमारे बाबूजी के लिए भी रख दो, हमारे पास छत कहाँ है. खरंच आहे, इथं कोणाजवळ स्वतःचं छप्पर नाही. मी ठेवलं. मग खंडव्याच्या वॉचमननं त्याच्या मायसाठी पुरी दिली. मग कँटीनचे दोघं. आता सकाळी माह्या बादलीत पोतं कमी आणि सगळ्या मुलखाचे पित्तर जास्त.

कावळ्यांनी गावोगाव सांगितलं असावं. पहाटेपासून रूळ काळा दिसते आणि ते उडाले की पांढरा. मी खालून पुसत वर जातो, ते वरून शिटत खाली येतात. दसऱ्याच्या दिवशी एक नवी नवरी पहिल्या डब्यात बसली आणि शालूवर नक्षी घेऊन उतरली. तिच्या सासऱ्यानं दुबे साहेबाले सगळ्यांसमोर झाडलं. साहेबानं मले बोलावलं. म्हणे दिवाळीपर्यंत गाडी साफ नाही झाली तर तू गावचा रस्ता धर. आणि विचारते, लहानू, हे कावळे अचानक कुठून आले? मी म्हटलं, मौसम बदल गया, साब.

नाचणगावात गोफणीत माह्यासारखा कोणी नव्हता, तू पाह्यलं आहे. रामदीननं म्हटलं, मार ना दोन दगड. हातात दगड घेतला, ताई, आणि खाली ठेवला. यातला बाबा कोणता? ते दिसायले सगळे सारखे. रामदीनलेही मग तोच विचार पडला. आता आम्ही पाच जणं हात जोडून उभे राहतो अन् ते शिटतात.

नोकरी गेली तर मी गावात परत येईन, डोमाजी काका म्हणेल, पाहा, अण्णाजीनं ओढून आणला. आणि मले जन्मभर तेच खरं वाटत राहील. काही तरी सुचव.

तुहा,
लहानू


पुलगाव
२३ ऑक्टोबर १९८६

चि. लहानू,

तुहं पत्र मी मिलच्या फाटकाजवळ वाचलं आणि तिथंच खाली बसून हसली. तुह्या भाऊजींले वाटलं, घरून काही वाईट आलं. त्यांनी वाचलं, तेही बसले.

माय हसली नाही. पूर्ण ऐकलं आणि म्हणाली, "लहान्याले गोफनच दिसते. त्याच्या बापानं कधी पाखराले दगड मारला का?" मग मले आठवलं, तुले आठवते का पाहा. नाल्याकाठच्या वावरात बाबा ज्वारीचं शेवटचं तास, काठाची ती ओळ, पाखरांसाठी सोडत होता. तिकडे तो कधी कापायले जात नव्हता. तू माळ्यावर बसून गोफण फिरवत होता आणि तुले वाटत होतं की पाखरं तुले भिऊन नाल्याकडे जातात. ती जेवायले जात होती.

तर मायचं सांगणं असं. पान बंद करू नको, बंद केलं तर ती रागानं अजून शिटतील. पान सरकव. आज टोकावर, उद्या थोडं खाली, परवा जिन्याजवळ, असं करत बागेच्या पार मागं ने. तिथं झाड असलं तर बरं. सगळ्यांचे पित्तर तिकडे जेवू दे. जे जागा सोडणार नाहीत ते दोन-चार राहतील, त्यांच्यापुरतं पुसायची तुह्यात ताकद आहे.

आणि म्हणते, लहान्याले सांगजो, त्याचा बाप गर्दीत जेवत नव्हता. लग्नाच्या पंगतीतही शेवटच्या पाटावर बसत होता. तेव्हा गर्दीत त्याले शोधू नको.

तुही ताई,
नलू


इंदूर
६ नोव्हेंबर १९८६

ती. ताई,

नोकरी राहिली. मायले साखर खाऊ घाल.

बागेच्या मागच्या भिंतीले लागून चिंचेचं झाड आहे. तिथपर्यंत पान सरकवत नेलं. मधी एक दिवस पान कँटीनच्या दारात आलं तेव्हा फजिती झाली, पण ते सोड. आता सगळी मंडळी चिंचेवर जेवते, तिथंच घाण करते, आणि गाडी नव्या भांड्यासारखी आहे. दिवाळीले दुबे साहेब स्वतः पांढरा पँट घालून पहिल्या डब्यात बसला अन् तसाच पांढरा उतरला. मले म्हणे, मौसम फिर बदल गया क्या? त्याले सगळं माहीत होतं, मले वाटते.

एक कावळा मात्र चिंचेवर जात नाही. ताई, हे वाचून मले पागल म्हणू नको, रामदीननं पण पाह्यलं आहे. हा दुपारच्या चहाच्या वेळी येते. गाडी खाली उभी असली की शेवटच्या डब्याच्या पाठीवर बसते. गाडी सुटली तरी उडत नाही. साखळी टकटक करत ओढते, हा पण वर वर जाते, मान इकडे तिकडे करत सगळं इंदूर पाहते. आणि टोक आलं, आता गाडी उडी घेणार, की हा फडफड करून उडून जाते. दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन बसते. चाललंच आहे. रोज तेवढी एक शीट मी मुकाट्यानं पुसतो.

शेवटच्या डब्यावरच काऊन बसते, हे मायले विचार.

तुहा,
लहानू


पुलगाव
१६ नोव्हेंबर १९८६

चि. लहानू,

हे पत्र बसून वाच. उंचावर वाचू नको.

तुहं मागचं पत्र मी मायले वाचून दाखवलं. शेवटच्या डब्यापर्यंत ती नुसती हुं हुं करत होती. "टोक आलं की उडून जाते" हे ऐकलं आणि माय हसायले लागली. पदर तोंडाले लावून, डोळ्यातून पाणी काढून हसली. बाबा गेल्यापासून मी तिले असं हसताना पाह्यलं नाही. मी घाबरली. म्हटलं, माय, काय झालं? म्हणते, "तोच हाये वो. दुसरा कोन असन?"

मग तिनं जे सांगितलं ते तसंच लिहिते. तू गेल्यावर त्या हिवाळ्यात बाबा आणि डोमाजी काका पुलगावच्या जत्रेले आले होते. घरी सांगितलं बैलाची घुंगरं पाहायले जातो. जत्रेत बाबा थेट आकाशपाळण्यापाशी गेला आणि तिकीट काढलं. त्या वयात. पाळण्यात बसला, दांडा लावला, पाळणा हात-दोन हात वर गेला तसा ओरडला, थांबवा, मले उतरू द्या. लोक हसले. डोमाजी काकाले त्यानं गळ्याची शपथ घातली, कोणाले सांगायचं नाही. पण घरी येऊन मायले स्वतःच सांगितलं. म्हणाला, "लहान्या तं त्याच्याहीवर चढत असन. मले एकदा पाहा लागते, तो काय पाहते तिथून. एकदा बसलो असतो." आणि मायले म्हणे, पोट्ट्याले लिहू नको, मी त्याले पाळण्यावरून बोललो होतो, आता कोणत्या तोंडानं सांगू.

मायले घाटावर हे सुचलंच नाही. कोणाले सुचेल? सगळे वावराचं बोलत होते.

मी संध्याकाळी डोमाजी काकाकडे गेली. विचारलं, काका, जत्रेतलं खरं आहे का? त्यांनी हातातला तंबाखू झाडून टाकला. मग म्हणाले, "शपथ घातलती नं, पोरी. म्हनून मी वावराचंच बोललो. मले वाटलं, तेही असनच." त्यांच्या डोळ्यात पाणी आलं. मी चहा घेतला आणि आली.

तर लहानू, तो रागात नव्हता गेला. तो लाजत गेला. हे तुले कळावं म्हणून मी सकाळी बालवाडीत शिकवायले जायच्या आधी लिहून राह्यली.

माय येते म्हणते. संक्रांत झाली की तुह्या भाऊजींसोबत पाठवते. मले बालवाडीतून सुटी नाही, नाही तर मी काय राह्यली असती?

तुही ताई,
नलू


इंदूर
२३ जानेवारी १९८७

ती. ताई,

माय आणि भाऊजी सुखरूप पोचले, आणि हे पत्र पोचेपर्यंत तिकडे वापसही गेले असतील. पण भाऊजी तुले नीट सांगणार नाहीत, कारण ते गाडीत बसलेच नाहीत. म्हणे, पिशव्या कोणी तरी सांभाळायले पाहिजेत. पिशवीत तिळाचे लाडू होते, ते त्यांनी चांगले सांभाळले, अर्धे उरले.

मायनं सकाळी माह्यासोबत येऊन माह्यं काम पाह्यलं. मी वर पुसत होतो, ती खाली मान वर करून उभी होती. उतरलो तेव्हा म्हणाली, "पोतं अजून वलं ठेवत जा, रगडा कमी लागन." बस, एवढंच. पण मले बरं वाटलं.

चहाच्या वेळी दुबे साहेबानं स्वतः तिले शेवटच्या डब्यात बसवलं. तिनं शेजारची जागा रिकामी ठेवली आणि तिथं बाबाची टोपी ठेवली. घरून आणली होती, लुगड्याच्या घडीत. साहेब म्हणाला, माताजी, वहाँ कोई और बैठ जाएगा. माय म्हणाली, "नाई. इनके वास्ते हाये." साहेबानं टोपी उडू नये म्हणून पट्ट्याखाली नीट दाबून दिली. मी समोरच्या सीटवर उलटा वळून बसलो. फडकं नेहमीसारखं कमरेले खोचलेलं होतं.

गाडी सुटायची वेळ झाली आणि तो आला. टोपीच्या बरोबर वर, डब्याच्या पाठीवर बसला. मायनं त्याच्याकडे पाह्यलं, त्यानं मायकडे पाह्यलं. साखळी ओढू लागली. माय त्याले सांगत होती, "ते पाहा राजवाडा. ते पाहा टेसन." मी तिले आधी दाखवलं होतं, ते तिनं त्याले दाखवलं. टोक आलं. मी म्हटलं, माय, आता तो उडते. तिनं मान न वळवता म्हटलं, "बसा. घरचेच लोक आहो."

नाही उडाला, ताई. गाडीनं उडी घेतली, सगळे ओरडले, मी रोजचा माणूस, मी पण ओरडलो, आणि तो पंख पसरून, नखं रोवून तसाच. अर्धा उतार झाला तेव्हा सुटला, आणि सुटता सुटता मायच्या खांद्यावर भला मोठा शिटला. मग चिंचेवरून वळसा घेऊन गेला.

गाडी थांबली. सगळ्या डब्यांतले लोक पाहत होते. दुबे साहेब धावत आला, सॉरी माताजी, सॉरी माताजी. मी कमरेचं फडकं काढलं आणि पुसायले वाकलो. मायनं माहा हात धरला. केस सुटले होते, श्वास लागला होता, आणि ती हसत होती.

"ऱ्हाऊ दे, नको पुसू," म्हणाली. "भ्याला, पन बसला."

तुहा,
लहानू